इंजिन चाचणी स्टँड (वातशीत इंजिन)

वातशीत इंजिन चाचणी स्टँड म्हणजे नव्याने बांधलेले, हवेने थंड होणारे इंजिन गाडीत बसवण्यापूर्वी सुरू करून तपासण्यासाठी वापरली जाणारी हलवता येण्याजोगी पोलादी चौकट होय. जोडणीतील गळती, तेलाचा अपुरा दाब किंवा ठिणगीच्या वेळेतील चूक इंजिन गाडीत चढवल्यावर उघड झाली, तर सर्व खोलकाम पुन्हा करावे लागते. पुष्कळदा नवे बेअरिंग आणि क्रँकही निकामी होतात. हे टाळणे हाच स्टँडचा मुख्य उपयोग आहे.

पार्श्वभूमी

वातशीत इंजिनाच्या मोटारींमध्ये फोक्सवॅगन बीटल सर्वांत प्रसिद्ध आहे. तिचे उत्पादन २००३ साली मेक्सिकोतील पुएब्ला येथे थांबले. तोवर दोन कोटी दहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. या गाडीचे समोरासमोर सिलिंडर असलेले चारसिलिंडरी इंजिन सुटे काढणे सोपे असल्याने ते घरच्या घरी बांधण्याची परंपरा जगभर रुजली, आणि चाचणी स्टँडची प्रचलित रचनाही त्याच इंजिनाभोवती घडली.

महाराष्ट्रात वातशीत इंजिनाची ओळख मोटारीपेक्षा रिक्षामुळे अधिक आहे. बजाज समूहाला दुचाकी व तीनचाकी बनवण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या रिक्षांचे दोन-स्ट्रोक इंजिन व्हेस्पाच्या घडणीचे होते. फ्लायव्हीलवरच बसवलेला पंखा पत्र्याच्या आच्छादनातून सिलिंडरवर हवा फेकत असे. भिवंडी तालुक्यातील दापोडे, मानकोली यांसारख्या गोदामांच्या पट्ट्यात आजही जवळपासची मालवाहतूक छोट्या तीनचाकींवर चालते. अशा वाहनाचे इंजिन दोनदा उतरवावे लागणे म्हणजे मालकाचा तितक्या दिवसांचा रोजगार बुडणे.

रचना

बीटलचे इंजिन गाडीतही केवळ गिअरबॉक्सच्या टोकाला चार बोल्टांनी टांगलेले असते. मागून त्याला आधार नसतो. स्टँडची रचना याच गोष्टीचा फायदा घेते. भंगारातील गिअरबॉक्सचा पुढचा घंटेच्या आकाराचा भाग कापून चौकटीला जोडला जातो आणि इंजिन त्यावर बसवले जाते. या भागाला पर्याय नाही, कारण स्टार्टर मोटर इंजिनावर नसून त्याच्यावर असते. ६ व्होल्टच्या जुन्या गाड्यांचे फ्लायव्हील १०९ दातांचे आणि १२ व्होल्टच्या गाड्यांचे १३० दातांचे असल्याने स्टार्टर त्याप्रमाणे निवडावा लागतो.

इंजिनाचे वजन १०० किलोहून अधिक असते आणि ते चौकटीच्या एका बाजूला लोंबकळते. त्यामुळे चौकोनी पाइपचे पाय इंजिनाच्या खाली पुढपर्यंत न्यावे लागतात. चाकांपैकी किमान दोन ब्रेकची असावीत. सुरू इंजिनाच्या कंपाने स्टँड सरकू लागतो.

चौकटीवर बॅटरी, स्टार्टरचे बटण, इग्निशन तोडण्याचा मोठा स्विच, तेलदाब व तापमान दाखवणारी मापके आणि इंधनाचा लहान डबा असतो. इंधनाचा डबा धुराड्याच्या वर कधीही ठेवत नाहीत. गळलेले पेट्रोल तापलेल्या नळीवर पडले, तर आग लागण्यास क्षणही पुरतो.

हवेचा मार्ग

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला रेडिएटरची बादली लावून भागते. वातशीत इंजिनाला तशी सोय नाही. पंख्याचे आच्छादन आणि सिलिंडरभोवतीचे पत्रे पूर्ण बसवल्याखेरीज ते चालवू नये. पत्रे काढून ‘दोनच मिनिटे’ चालवण्याची सवय सिलिंडर-हेडला महागात पडते.

आणखी एक अडचण सहसा लक्षात येत नाही. गाडीत इंजिनाच्या वरची थंड आणि खालची गरम बाजू पत्रा व रबराच्या पट्टीने वेगळी केलेली असते. स्टँडवर ही भिंत नसते, त्यामुळे खालून निघालेली गरम हवा पंखा पुन्हा ओढून घेतो. यासाठी आडवा पत्रा लावतात किंवा स्टँड मोकळ्या जागी ठेवतात. बंद गाळ्यात चाचणी घेणे दुहेरी धोक्याचे आहे: हवा तापत जाते आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड, ज्याला रंग वा वास नसतो, साचत जातो.

चाचणी

प्रथम सुमारे अडीच लिटर तेल भरून, स्पार्क प्लग काढून इंजिन स्टार्टरने फिरवतात. मापकावर दाब दिसल्यावरच प्लग बसवतात. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनात ०.१५ मिलिमीटर ठेवली जाते आणि ठिणगीचा क्रम १-४-३-२ असतो. नवा कॅमशाफ्ट घातला असल्यास सुरू होताच मंद गतीवर न ठेवता सुमारे वीस मिनिटे मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपास चालवतात, कारण कॅमला मिळणारे तेल मुख्यतः क्रँकच्या वेगाने उडणारे असते. तेल तापल्यावर २,५०० फेऱ्यांना दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलोच्या खाली गेल्यास इंजिन बंद करून कारण शोधावे लागते. फ्लायव्हीलमागचे सील आणि पुशरॉडच्या नळ्या या गळतीच्या नेहमीच्या जागा गाडीत खालून वाकून पाहाव्या लागतात. स्टँडवर त्या डोळ्यांसमोर असतात.

रिक्षाच्या दोन-स्ट्रोक इंजिनात गिअर त्याच कवचात असल्याने घंटेच्या भागाची गरज नसते. तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने दाबमापकही लागत नाही. येथे पाहायचे ते क्रँकच्या सीलमधून हवा शिरते का. थ्रॉटल सोडूनही इंजिनाची गती उतरत नसेल, तर मिश्रण पातळ होत असल्याची शंका घ्यावी. तसेच चालवल्यास पिस्टन जाम होतो.

मर्यादा

स्टँडवर इंजिनावर भार नसतो, त्यामुळे शक्ती मोजता येत नाही. त्यासाठी डायनॅमोमीटर लागतो. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेत तशी सोय आहे. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला नीट बसण्यासाठीही भार आवश्यक असतो. स्टँडवर तासन्‌तास विनाभार चालवलेल्या इंजिनाची सिलिंडरभिंत गुळगुळीत होऊन ते पुढे तेल खाऊ लागते. म्हणून गळती, दाब आणि ठिणगीची वेळ तपासून झाली की इंजिन उतरवून गाडीत बसवले जाते.