नववींतील इंग्रजी आणि वऱ्हाडचा वारसा

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत मंदिराचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कोणीं दिली, धर्मगुरु कोण कोण येऊन गेले, ह्या गोष्टींस अग्रस्थान मिळावें हें योग्यच आहे. तथापि ज्या पिढीच्या हातीं आपण हें सर्व सोंपविणार, ती पिढी शाळेंत काय शिकते ह्याचाहि एक इतिहास असतो, आणि तो सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. म्हणून माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षीं, म्हणजे हल्लींच्या नववींत, वरच्या प्रतीच्या इंग्रजीच्या वर्गांत विद्यार्थी काय शिकतो, ह्या एकाच विषयाचा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. विषय लहान दिसतो. परंतु उमरखेड तालुक्यांतील ढाणकीसारख्या गांवीं शेतकऱ्याचें मूल पुढें कोठवर जाईल, ह्याचा निर्णय पुष्कळदां ह्याच वर्षीं होतो.

'वरच्या प्रतीचा वर्ग' म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. अमेरिकेंतील पुष्कळ शाळांत नववीच्या होतकरू मुलांसाठीं इंग्रजीचा एक स्वतंत्र, अधिक कसाचा वर्ग ठेवण्याची चाल आहे. त्यांत होमरच्या 'ओडिसी'चे भाग, शेक्सपिअरचें 'रोमिओ आणि ज्युलिएट', हार्पर ली यांची १९६० सालीं निघालेली 'टु किल् अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी, अशीं पुस्तकें बहुधा असतात. पण पुस्तकांचीं नांवें ही गौण गोष्ट होय. मुख्य गोष्ट अशी कीं, विद्यार्थ्यानें पुस्तक वाचून स्वतःचें एक मत बनवावयाचें, तें एका वाक्यांत स्पष्ट मांडावयाचें, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ पुस्तकांतील नेमकीं स्थळें दाखवावयाचीं. शब्दांचीं लॅटिन व ग्रीक मुळें ओळखणें, लांब वाक्याचे अवयव सुटे करून पाहणें, दुसऱ्याचा विचार घेतल्यास त्याचें नांव सांगणें, हीं सर्व ह्याच कामाचीं साधनें. साध्या वर्गांत शिक्षक विचारतो, "काय घडलें?" वरच्या वर्गांत तो विचारतो, "तसें कां घडलें, आणि हें तूं कशावरून म्हणतोस?" दोन वर्गांतील खरें अंतर एवढेंच आहे, आणि तें फार मोठें आहे.

अशा शिक्षणाचा वारा वऱ्हाडास नवा नाहीं. १८५३ च्या तहान्वयें निजामानें वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवालीं केलें. १८५४ सालीं वुडसाहेबांचा शिक्षणविषयक खलिता आला, व १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. मॅट्रिकची परीक्षा ही तेव्हांपासून सुशिक्षितपणाची वेस ठरली, आणि त्या वेशींतून जाण्यास इंग्रजी आल्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. मुंबई इलाख्यांत मराठी चार इयत्ता संपल्यावर 'इंग्रजी पहिली' सुरू होई व 'इंग्रजी सातवी' म्हणजे मॅट्रिक असे. आजची नववी म्हणजे त्या वेळची इंग्रजी पांचवी. मुलांच्या हातीं हॉवर्डचीं वाचनपुस्तकें असत, घरीं तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असे. पुढें नेस्फील्डचें व त्यानंतर रेन आणि मार्टिन यांचें व्याकरण आलें. घोकंपट्टी तेव्हांहि पुष्कळ होती. तरी भाषांतर पाठमालेचा एक गुण विसरतां कामा नये: तिच्या प्रत्येक पानावर मराठी आणि इंग्रजी समोरासमोर उभ्या राहत, आणि एका भाषेंतील वाक्य दुसऱ्या भाषेंत नेतांना दोहोंची घडण मुलाच्या ध्यानीं येई.

ह्या शिक्षणाचें उत्तम फळ आपल्याच वऱ्हाडांत पाहावयास मिळतें. गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडाजवळील टेंभू गांवीं १८५६ सालीं जन्मले. घरची स्थिति अत्यंत गरिबीची. शिक्षणाकरितां भटकत ते अकोल्यास आले व तेथून १८७५ सालीं मॅट्रिक झाले. अकोल्याच्या शाळेंत विष्णु मोरेश्वर महाजनी हे विद्वान् गुरु त्यांस लाभले. ह्या महाजनींनीं शेक्सपिअरचें 'सिंबेलिन' नाटक १८७९ सालीं 'तारा' ह्या नांवानें मराठींत आणलें, आणि पुढें १९०७ सालीं पुण्याच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपदहि भूषविलें. शिष्यानें गुरूचाच मार्ग धरिला. आगरकरांनीं 'हॅम्लेट'चें मराठी रूप 'विकारविलसित' १८८३ सालीं प्रसिद्ध केलें. आणि १८८८ सालीं वाक्याच्या मीमांसेवर व पृथक्करणावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. इंग्रजीच्या वर्गांत वाक्याचे अवयव सुटे करण्याची जी विद्या मिळाली, ती त्यांनीं मराठी वाक्यास लावून पाहिली. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. इंग्रजी शिकून मराठीस विन्मुख होणारे त्या काळीं पुष्कळ निघाले. परंतु ज्यांस इंग्रजी खरोखर आली, त्यांनीं तिच्यापासून घेतलेलें धन मराठीच्याच पदरांत टाकिलें. इंग्रजीस 'वाघिणीचें दूध' म्हणण्याची रीत आपल्याकडे पडली आहे. परंतु दूध अंगीं लागलें कीं नाहीं, हें पिणाऱ्याच्या कर्तृत्वावरून कळतें, भांड्यावरून कळत नाहीं.

आतां ढाणकीच्या परिसराकडे वळूं. येथून दक्षिणेस पैनगंगा वाहते. त्या नदीपलीकडील मुलुख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथें १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू होतें, आणि इंग्रजी ही आवश्यक भाषा म्हणून शिकावी लागे. म्हणजे पलीकडच्या तीरावरील मराठी मुलास उच्च शिक्षण घ्यावयाचें तर घरची मराठी, शिक्षणाची उर्दू आणि वर इंग्रजी, असे दोन उंबरठे ओलांडावे लागत. अलीकडचा वऱ्हाड १९०३ पासून मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला, आणि १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ निघालें. येथील मुलास एकच उंबरठा होता. नदी तीच, बोली तीच, शेतांतील पऱ्हाटीहि तीच. पण पुस्तक आणि घर ह्यांमध्यें किती पायऱ्या असाव्या, हें राज्यकर्त्यांनीं ठरविलें. बुद्धि दोन्ही तीरांवर सारखीच वाटली गेली होती. संधि मात्र सारखी वाटली गेली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर वारा उलट दिशेनें वाहूं लागला. मुंबई प्रांतांत १९४८ च्या सुमारास पांचवी ते सातवी ह्या इयत्तांतून इंग्रजी काढून ती आठवीपासून ठेवण्यांत आली. मातृभाषेंत पाया पक्का व्हावा, हा हेतु स्तुत्य होता. परंतु ज्यांच्या घरीं पैसा होता, त्यांनीं आपलीं मुलें इंग्रजी माध्यमाच्या शाळांत घातलीं, आणि खेड्यांतील मुलें मागें राहिलीं. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यास जोडला गेला व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. पुढें शालान्त परीक्षेस हायर इंग्लिश व लोअर इंग्लिश असे दोन प्रकार एके काळीं होते. कोणता प्रकार घेतला ह्यावरून मुलाची योग्यता जोखण्याची संवय समाजास लागली. १९७५ सालीं दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकविण्यास आरंभ झाला. २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. त्यामुळें नववी हें माध्यमिक शाळेचें पहिलें वर्ष होय, आणि कायद्याचें छत्रहि नेमकें तेथेंच संपतें.

हल्लीं नववींत इंग्रजीचीं दोन पाठ्यपुस्तकें चालतात. १९६७ सालीं स्थापन झालेल्या बालभारती संस्थेनें तीं २०१७ सालीं नव्यानें काढलीं. ज्यांची प्रथम भाषा इंग्रजी, त्यांस 'इंग्लिश कुमारभारती'. ज्यांची शाळा मराठी माध्यमाची, त्यांस 'माय इंग्लिश कोर्सबुक'. पत्र लिहिणें, उताऱ्याचा सारांश काढणें, कोष्टकावरून परिच्छेद व परिच्छेदावरून कोष्टक तयार करणें, संवाद रचणें, भाषण लिहिणें, कवितेचें रसग्रहण करणें, एका मताच्या विरुद्ध दुसरें मत मांडणें, असें काम ह्या वर्षीं व पुढील वर्षीं मुलांकडून अपेक्षिलें जातें. ही यादी नीट पाहिली तर ध्यानीं येईल कीं, वरच्या वर्गाचा जो आत्मा आपण आरंभीं पाहिला, तो हिच्यांतहि आहे. कवितेचें रसग्रहण म्हणजे "हें तूं कशावरून म्हणतोस?" हाच प्रश्न; विरुद्ध मत मांडणें म्हणजे दुसऱ्याची बाजू समजून घेऊन उत्तर देणें.

मग उणें कोठें पडतें? तें पुस्तकांत नाहीं, रीतींत आहे. परीक्षेचा धाक वाढला कीं तयार उत्तरांचीं मार्गदर्शकें घरोघर येतात. रसग्रहणाचा सांचा पाठ, पत्राचा सांचा पाठ, निबंध तर आरंभापासून शेवटपर्यंत पाठ. गुण मिळतात, पण मुलाचें स्वतःचें एकहि वाक्य कागदावर उतरत नाहीं. पुढें महाविद्यालयांत किंवा नोकरीच्या मुलाखतींत कोणी त्यास न शिकविलेला प्रश्न विचारतो, आणि तो गप्प उभा राहतो. लोक म्हणतात, "ह्यास इंग्रजी येत नाहीं." खरी गोष्ट अशी कीं, त्यास स्वतःचें मत मांडावयास कोणीं सांगितलेंच नव्हतें, ना इंग्रजींत, ना मराठींत. शहरांतील मूल आणि ढाणकीचें मूल ह्यांच्यांतील अंतर बुद्धीचें नाहीं. कोणास प्रश्न विचारला गेला आणि कोणास उत्तर पढविलें गेलें, एवढेंच तें अंतर आहे.

येथें पुष्कळ आईबाप म्हणतात, "मग इंग्रजी माध्यमाची शाळाच बरी." ज्यांस ती परवडते व जेथें शिक्षक चांगले आहेत, तेथें आमचें म्हणणें नाहीं. परंतु माध्यम बदलल्यानें प्रश्न विचारण्याची रीत आपोआप बदलत नाहीं. पोपट इंग्रजींत बोलला तरी तो पोपटच. आगरकरांचा दाखला उलट सांगतो. विचार करण्याची संवय एका भाषेंत पक्की झाली कीं, ती दुसऱ्या भाषेंत नेणें हें श्रमाचें काम आहे, अशक्य काम नाहीं. म्हणून नववीच्या मुलाचा वरचा वर्ग घरींच सुरू करतां येतो. आठवड्यांतून एकदां पाठांतील एखादी गोष्ट मुलानें मोठ्यानें वाचावी. नंतर त्यास विचारावें: ह्यांतील माणूस असा कां वागला? त्यानें आपलें मत प्रथम मराठींत सांगावें, गोष्टींतील दोन कारणें दाखवावीं, आणि मग तेंच साध्या इंग्रजी वाक्यांत लिहावें. चुका होतील, त्या शिक्षकांकडून दुरुस्त करून घ्याव्या. ज्या आईस इंग्रजी अक्षरहि येत नाहीं, तिलाहि "कशावरून?" हा प्रश्न विचारतां येतो. वर्षाच्या अखेरीस त्या वहींत मुलाचीं स्वतःचीं तीसचाळीस पानें जमतील; तेवढें धन कोणतेंहि मार्गदर्शक देऊं शकत नाहीं.

परक्या भाषेची आराधना कशी करावी, ह्याचा धडा आपल्या धर्मसभेच्या इतिहासांतहि आहे, आणि तो नेमका उलट बाजूनें आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी १५७९ सालीं गोव्यास आले. त्या काळीं त्यांस मराठी शिकविण्यास ना पाठ्यपुस्तक होतें, ना परीक्षा. साष्टीच्या लोकांमध्यें राहून त्यांनीं ती भाषा आत्मसात् केली, आणि १६१६ सालीं 'क्रिस्तपुराण' छापून निघालें. त्यांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. तीन शतकांनंतर फादर हेन्री डोरिंग ह्या जर्मन मिशनऱ्यानें १९०३ सालीं 'निरोप्या' मासिक मराठींत सुरू केलें. ह्या दोघांनींहि परभाषा प्रतिष्ठेसाठीं शिकली नाहीं. दुसऱ्याच्या अंतःकरणापर्यंत आपला शब्द पोंचावा म्हणून शिकली. म्हणूनच त्यांचें शिकणें पाठांतरावर थांबलें नाहीं, तें स्वतःच्या वाक्यापर्यंत गेलें.

तात्पर्य, नववीचा वरचा इंग्रजी वर्ग म्हणजे कठीण शब्दांची रास नव्हे. वाचावें, विचार करावा, मत बनवावें, कारण दाखवावें आणि तें प्रामाणिकपणें आपल्या शब्दांत लिहावें, ही ती विद्या. ती अकोल्यास एका गरीब विद्यार्थ्यास मिळाली आणि तिचा लाभ साऱ्या महाराष्ट्रास झाला. पैनगंगेकांठच्या मुलांस ती मिळूं नये, असें कारण कोठेंहि लिहिलेलें नाहीं. शिक्षकांनीं प्रश्न विचारावे, आईबापांनीं उत्तराची वाट पाहावी, आणि मुलांनीं चुकण्यास भिऊं नये, एवढेंच ह्या प्रसंगीं सांगून हा लेख पुरा करितों.