फाशांवरचे पाढे

आमच्या बोरी बुद्रुकला कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीची राख सापडते. तिच्या वयाबद्दल अभ्यासकांचे आकडे जुळत नाहीत. कोणी ७५ हजार वर्षं म्हणतं, तर कोणी कित्येक लाख. मला मात्र आज बोलायचं आहे ते याच नदीच्या उगमाकडच्या आकड्यांविषयी.

कुकडी उगम पावते ती नाणेघाटाच्या परिसरात. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे २ हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई आणि कार्षापण नाणी त्यात मोजून लिहिली आहेत. शून्य तेव्हा वापरात नव्हतं. शंभराच्या चिन्हाला चारचं चिन्ह जोडलं की ४०० आणि सातचं जोडलं की ७००. हजाराला वीस जोडले की झाले २० हजार. म्हणजे गुणाकार केल्याशिवाय आकडा वाचताच येत नव्हता! आपल्या जुन्नरच्या कातळात गुणाकार असा कोरलेला आहे, आणि आपण तिथे जातो ते धबधबे पाहायला.

आता फासे. वैदिक काळात बेहड्याची फळं फासे म्हणून वापरत. मूठभर फळं टाकायची आणि चाराने भाग द्यायचा. बाकी उरली नाही तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर आणि एक उरला तर कली. युगांची नावं ती हीच. महाभारतातला ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाकडे एकदा पाहतो आणि पानं-फळं किती ते सांगतो. नळाचा विश्वास बसत नाही, तो झाड पाडून मोजतो. फाशाची विद्या आणि मोजण्याची विद्या या कथेत एकच आहे. पण याच खेळात नळाचं राज्य गेलं, पांडवांचंही गेलं. म्हणून वर्गात फासा काढला की एखादे आजोबा अजूनही विचारतात, ‘‘गुरुजी, पोरांना जुगार शिकवता का?’’

पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे आणि पाढे असत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी औटकीसुद्धा. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. बाजारात त्याचा खरा उपयोग होता, म्हणून घोकंपट्टीला मी सरसकट नावं ठेवणार नाही. पण सात आठे किती, असं मध्येच विचारलं की अनेक मुलं ‘सात एके सात’पासून सुरुवात करतात. चालीवर पाठ झालेलं चालीतच अडकतं. अशी दोन-तीनदा फजिती झालेलं मूल पुढे गणिताच्या तासाला मान खाली घालून बसतं. काही तर पुढे गणितच सोडतात.

फासा क्रमाने विचारत नाही, हाच त्याचा गुण. पण सापशिडीचे दोन साधे फासे पुरेसे नाहीत. त्यांच्या ३६ जोड्यांतून गुणाकार निघतात फक्त १८. सहा आणि बारा चार-चार वेळा येतात, सात आठे मात्र कधीच येत नाही! जिथे मुलं अडतात, नेमकं तेच सुटतं. म्हणून मी लाकडी ठोकळ्यांवर कागद चिकटवून ४ ते ९ आकडे लिहितो. सात आणि आठ पडले की चौकटीच्या वहीत सात घरं आडवी, आठ उभी असा आयत रंगवायचा. ज्याला जागा उरणार नाही, तो बाद. पाठ नसेल त्याने घरं मोजावीत, त्याला कोणी हसायचं नाही.

या फाशांवर छत्तीस तीन वाटांनी येतो: चार नव्वे, नऊ चोक आणि सहा सक. पहिले दोन आयत एकमेकांवर आडवे ठेवले की बरोबर जुळतात. तिसरा चौरस निघतो, तो जुळत नाही. घरं मात्र तेवढीच. का, यावर पोरं घंटा झाली तरी भांडत बसतात.