पिरूल, पेट्रोल आणि पाठीवरचं इंजिन



मागच्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. तो आता दुसऱ्या एका डोंगरी छावणीत आहे. "उस्ताद, ब्लोअर सुरूच होत नाही. प्लग बदलला, दोरी ओढून खांदा गेला. काय करू?" मी विचारलं, "टाकीत पेट्रोल कधीचं आहे?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "तुम्हीच तर शिकवलं होतं, फुल टँक करून ठेवायचं."

खरं आहे, मीच शिकवलं होतं. ती चूक कशी झाली आणि कुमाऊँच्या पोस्टिंगवर ती कशी उघडी पडली, ते आज लिहितो.

पाठीवर घेऊन पाला उडवायचं हे मशीन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. आपल्याकडे मेळघाट-ताडोब्याच्या जंगलात जाळरेषा साफ करायला ते वापरतात. कुमाऊँत त्याचं काम म्हणजे पिरूल. चीडच्या झाडाच्या वाळक्या सुयांना तिकडे पिरूल म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये उतारावर त्याची घोटाघोटाएवढी गादी साचते, आणि त्यात राळ असल्यामुळे एक ठिणगी पुरते. म्हणून वणव्याच्या वाटेत एक पट्टा मातीपर्यंत मोकळा करायचा, म्हणजे आग तिथे येऊन उपाशी मरते. पंजाने हे काम करायला दहा माणसांना जेवढा वेळ लागतो, त्याच्या थोड्याशा वेळात एक ब्लोअर ते उरकतो.

एप्रिलमधल्या एका दुपारी छावणीखालच्या उतारावर धूर दिसला. फायर पार्टी पळाली. चार ब्लोअर बाहेर काढले, त्यातले तीन सुरूच झाले नाहीत. चौथा एका झटक्यात सुरू झाला म्हणून आम्ही खूश, तर पाचच मिनिटांत वनखात्याचा एक गार्ड ओरडत आला, "दाज्यू, बंद करो! बंद करो!" आमचा जवान रेषा साफ करत पुढे चालला होता आणि त्याच्या मागे, सायलेन्सरच्या बाजूला, पिरूलमध्ये दोन ठिकाणी धूर निघत होता. आग विझवायला आणलेलं मशीन स्वतःच आग लावत होतं.

ती आग शेवटी पंजांनी आणि हिरव्या फांद्यांच्या झाडूंनी थांबवली. खालच्या गावातल्या बायका आमच्या आधी तिथे पोचल्या होत्या. कुणाला इजा झाली नाही. संध्याकाळी चारही मशीनं वर्कशॉपच्या टेबलावर मांडून मी बसलो. स्टोअरच्या वहीत पावसाळ्याआधीच्या तारखेला माझीच सही होती: 'तपासले, ठीक'.

पहिलं मशीन उघडलं तेव्हा टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून ठेवलं. थोड्या वेळाने वर तेलाच्या रंगाचा थर आणि खाली गढूळ पाण्यासारखा थर, असे दोन थर स्पष्ट झाले. टाकीतला फिल्टर तळाशी असतो, म्हणजे इंजिन ओढत होतं तो खालचा थर. हे असं का झालं हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

हे टू-स्ट्रोक इंजिन जुनं आहे. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे या कारखानदाराने १८९० च्या आसपास एक युक्ती काढली: पिस्टनखालची क्रँकची पेटीच पंपासारखी वापरायची. पिस्टन वर गेला की खाली मिश्रण ओढलं जातं, खाली आला की तेच वर ढकललं जातं. त्याच्याच कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉक या माणसाने १८९२ मध्ये त्यात सुधारणा केली. मिश्रण आत घ्यायचं छिद्र उघडायचं-मिटायचं काम त्याने पिस्टनच्याच कडेला दिलं, त्यामुळे झडपांची गरज उरली नाही. हलणारे मुख्य भाग तीनच राहिले: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. डेला त्यातून श्रीमंती काही मिळाली नाही, पण आज जगभर पाठीवर आणि हातात धरून चालणारी लाखो मशीनं त्याच कल्पनेवर फिरतात.

या सोपेपणाची किंमत एकच. क्रँकपेटी मिश्रणाने भरलेली असल्यामुळे तिथे वेगळं ऑइल ठेवता येत नाही, म्हणून ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. चेतक चालवलेल्यांना हे सांगायला नको. पेट्रोल पंपावर टूटी ऑइलचं माप मारून घेतलेलं कुणी विसरलेलं नाही. आजच्या बहुतेक ब्लोअरना पन्नासास एक हे प्रमाण चालतं, म्हणजे पाच लिटरला शंभर मिली. पण आधी कंपनीचं पुस्तक बघायचं, कारण काही मशीनांना जास्त ऑइल लागतं.

चेतकच्या आठवणीने आमच्या पोरांचा एक घोळ होतो. स्कूटर सुरू झाली नाही की ती आडवी करायची, हे सगळ्यांनी घरी पाहिलेलं. ब्लोअरही तसाच आडवा करतात. त्याचा उपयोग नाही. स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची छोटी वाटी आणि त्यात तरंगणारा फ्लोट असतो. ब्लोअरमध्ये वाटीही नाही आणि फ्लोटही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर एका माणसाने उचलायच्या चेनसॉ आल्या. झाड कापताना करवत आडवी, उलटी, कशीही धरावी लागते आणि फ्लोट तर सरळच उभा राहायला पाहिजे. मग फ्लोटच्या जागी रबरी पडदा आला. क्रँकपेटीतल्या दाबाच्या ठोक्यांवर एक पडदा पेट्रोल ओढतो, दुसरा मोजून देतो. तोच कार्ब्युरेटर ब्लोअरच्या पाठीवर आहे. म्हणून 'सुरू होत नाही'चं मूळ पुष्कळदा या दोन पडद्यांत सापडतं. नवा पडदा ओल्या कागदासारखा मऊ असतो. बोटाने दाबल्यावर कडकड वाजला की तो गेला. पडदा, गॅसकेट आणि सुई यांचा संच स्वस्त मिळतो, पण उघडताना कोणता थर कशावर होता त्याचा फोटो काढून ठेवा. पडदा आणि गॅसकेट यांची अदलाबदल झाली की मशीन पुन्हा रुसतं.

बाकी मशीनचा वंश शेतातला आहे. पाठीवर इंजिन, पंखा आणि औषधाची टाकी घेऊन फवारणी करायची यंत्रं आपल्याकडे द्राक्ष-आंब्याच्या बागांत आहेत, तशी जपानच्या शेतांतही होती. औषधाची टाकी काढली की उरतो तो ब्लोअर. अमेरिकेत त्याचा प्रसार सत्तरच्या दशकात झाला. कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, पाण्याच्या पाइपने अंगणं धुणं बंद झालं आणि लोकांनी वारा वापरला. त्याच कॅलिफोर्नियात कारमेल गावाने १९७५ मध्येच आवाजापायी त्यावर बंदी घातली होती. तो आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी सर्वांत जास्त असतो, म्हणून इअर प्लग न घालता मशीन पाठीवर घेऊ देऊ नका. तरुण वयात गेलेले कान पेन्शनबरोबर परत मिळत नाहीत.

आता फुल टँकची गोष्ट. हा नियम मी रिक्रूट असताना शिकलो आणि तो चुकीचा नव्हता. जुन्या गाड्यांच्या आणि जेरीकॅनच्या टाक्या पत्र्याच्या. अर्धी टाकी रिकामी राहिली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर साचते, गंज धरतो, पाणी तळाशी जातं. टाकी भरलेली असली की हवेला जागाच नाही. त्या काळच्या पेट्रोलला पाण्याशी सख्यही नव्हतं.

ब्लोअरची टाकी प्लॅस्टिकची, तिला गंज नाहीच. आणि पेट्रोल बदललं आहे. २०२२ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल दहा टक्क्यांवर गेलं, २०२३ पासून वीस टक्क्यांचं मिश्रण पंपांवर येऊ लागलं. त्यातलं बरंचसं इथेनॉल आपल्याच उसाचं, त्याबद्दल शेतकऱ्याच्या घरातला म्हणून माझी तक्रार नाही. पण इथेनॉल पाणी ओढतं. झाकणाचं रबर चिरलेलं असलं आणि मशीन डोंगरातला अख्खा पावसाळा स्टोअरमध्ये पडून राहिलं, की इथेनॉल पाणी पिऊन पेट्रोलपासून सुटतं आणि तळाशी बसतं. टूटी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. म्हणजे खालच्या थरावर इंजिन कसंबसं सुरू झालंच तर ते बिनातेलाचं चालणार. बरणीत मला तेच दिसलं होतं. नियम पत्र्याच्या टाकीसाठी होता. टाकी गेली, पेट्रोल गेलं, नियम माझ्या तोंडात राहिला.

चौथ्या मशीनची गोष्ट याच्या नेमकी उलट. सायलेन्सरच्या तोंडाशी तारेची बारीक जाळी असते. इंजिनातून उडालेला जळता कार्बन ती अडवते. वर्षभरात ती काजळीने बुजते, मग मशीन सुरू होतं पण दम धरत नाही. जाळी काढून टाकली की मशीन लगेच घोड्यासारखं पळतं. कुणीतरी तेच केलं होतं. पोरांना वाटलं, कचरा अडवायची जाळी असेल.

ही जाळी रेल्वेच्या घराण्यातली आहे. वाफेच्या इंजिनांच्या ठिणग्यांनी रुळाकाठची गवतं आणि शेतं पेटायची, म्हणून धुराड्याच्या आत जाळ्या बसवल्या जात. आणि कुमाऊँत तर रेल्वेचा संबंध आणखी खोल आहे. रेल्वेला स्लीपर हवे होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चीडचं लाकूड औषध पाजून स्लीपरसाठी वापरता येऊ लागलं, शिवाय त्याची राळही विकली जात होती. त्यामुळे सरकारच्या लेखी चीडची किंमत वाढली. १९११ ते १९१७ या काळात गावांची रानं मोठ्या प्रमाणावर राखीव झाली. नव्या गवतासाठी उतार जाळायची जुनी रीत गुन्हा ठरली, चराई आणि लाकूडफाट्यावर बंधनं आली. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरला लोकांनी वेठबिगारीच्या वह्या शरयूत बुडवल्या आणि त्याच उन्हाळ्यात राखीव जंगलं जागोजागी पेटवली गेली. त्या गावांत महायुद्धावरून परतलेले जवानही होते. मग चौकशी समिती नेमली गेली आणि पुढे १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले.

त्या दिवशी आमच्या आधी पोचलेल्या बायका अशाच एका गावच्या. गुरांच्या गोठ्यात अंथरायला त्या पिरूल गोळा करून नेतात. जिथपर्यंत त्यांचं रान आहे तिथला उतार मोकळा होता आणि आग तिथेच मंदावली. आमच्या बाजूच्या उतारावर मात्र पिरूल उचलणारं कुणी नव्हतं, ब्लोअरच काय ते होते. आग मोठी झाली की काय होतं ते २०२४ ने दाखवलं. एप्रिलमध्ये नैनितालजवळच्या वणव्यासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरला भीमतालचं पाणी उचलावं लागलं आणि जूनमध्ये अल्मोडा जिल्ह्यातल्या बिनसरला चार वनकर्मचारी जागीच गेले. म्हणून बंद पडलेलं मशीन ही वर्कशॉपपुरती बाब राहत नाही.

त्यानंतर आम्ही जी पद्धत घालून घेतली ती इथे देतो, कुणाला तरी उपयोगी पडेल.

हंगाम संपला की टाकी पूर्ण रिकामी करायची, मग मशीन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टूटी ऑइल टाकायचं, दोरी हळू दोन-तीनदा ओढायची, प्लग परत लावायचा. मिश्रण लागेल तेवढंच करायचं आणि डब्यावर तारीख लिहायची. महिना उलटला की ते ब्लोअरमध्ये घालायचं नाही.

हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, म्हणून जानेवारीत मशीन उघडायचं. पेट्रोलची नळी वाकवून बघायची, चीर दिसली की बदलायची. टाकीतला फिल्टर दर वर्षी नवा. एअर फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून. पंख्याच्या जाळीत अडकलेल्या सुया काढायच्या, नाहीतर इंजिन तापतं. सायलेन्सरची जाळी काढून ब्रशने साफ करायची, जळलेली असेल तर नवी घालायची, आणि ती जागेवर बसलेली आहे हे दुसऱ्या माणसाने डोळ्यांनी बघून सही करायची. पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक मशीन दहा मिनिटं पूर्ण जोरात चालवायचं.

एक गोष्ट डोंगरवाल्यांसाठी. अठराशे मीटरवर हवा साधारण सहाव्या हिश्श्याने विरळ असते, म्हणून पठारावर जुळवलेलं मशीन इथे पेट्रोल जास्त पितं आणि धूर सोडतं. स्क्रू थोडा आवळून ते नीट चालतं. पण तेच मशीन खाली नेलं तर स्क्रू परत सैल करायलाच हवा, नाहीतर पेट्रोल कमी, ऑइलही कमी आणि पिस्टन जाम.

फोनवर सहकाऱ्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे उस्ताद, फुल टँक चूक?" मी म्हणालो, "पत्र्याच्या जेरीकॅनला बरोबर, ब्लोअरला चूक. पोरांना नियम सांगशील तेव्हा तो कशासाठी आहे तेही सांग. मी तेवढंच सांगायचं विसरलो होतो."

रात्री त्याचा मेसेज आला. टाकी रिकामी केली, पडदे बदलले, तिसऱ्या झटक्यात सुरू. जाळी जागेवर आहे.

जय हिंद.