बाजारगेट : एका नाहीशा वेशीची कुळकथा

मुंबईच्या कोट विभागात, बोरीबंदराच्या दक्षिणेस, ज्या रस्त्याला आज पेरीन नरिमन रस्ता असे अधिकृत नाव आहे, त्याची जुनी ओळख बाजारगेट अशी असून, ज्या दरवाजामुळे ती रूढ झाली त्याचा एकही दगड जागेवर उरलेला नसल्याने येथील जुन्या बाजाराचा सर्वांत जुना अवशेष म्हणजे हे नावच होय.

‘बाजार’ हा शब्द मराठीत फारसीतून आला, तर त्याच्याशी निकटचा ‘हाट’ हा शब्द संस्कृत ‘हट्ट’पासून. तटबंदीतील प्रवेशद्वाराला देशावर ‘वेस’ म्हणतात. परंतु मुंबईचा तट ईस्ट इंडिया कंपनीने बांधल्यामुळे येथील वेशीला ‘गेट’ हे इंग्रजी नाव मिळाले आणि फारसी व इंग्रजी यांचा हा जोडशब्द मराठी बोलण्यात सहज मुरला.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पूर्ण झालेल्या या तटाला तीन मुख्य दरवाजे होते : दक्षिणेस अपोलो गेट, पश्चिमेस 1718 मध्ये उपासनेसाठी खुल्या झालेल्या सेंट थॉमस चर्चवरून चर्चगेट, आणि उत्तरेस, जिकडे पारशी, बोहरी, वाणी इत्यादी देशी व्यापाऱ्यांची दाट वस्ती होती, तिकडे बाजारगेट. 1739 मध्ये मराठा सेनापती चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर मुंबईत धास्ती पसरली आणि तटाबाहेर खंदक, म्हणजे संरक्षणासाठीचा खोल चर, खणण्याचे ठरले. त्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी 30,000 रुपये वर्गणी दिली, यावरून त्या तटाच्या आड आपली पेढी व वखार सुरक्षित राहावी ही गरज त्यांना किती निकडीची वाटत होती हे दिसते.

17 फेब्रुवारी 1803 रोजी लागलेल्या आगीत अरुंद गल्ल्यांतून दाटीने उभ्या असलेल्या या उत्तर भागाचा मोठा हिस्सा भस्मसात झाला, आणि त्यानंतर कोटाबाहेरील देशी वस्तीच्या वाढीला वेग आला. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर तटाचे लष्करी प्रयोजन संपत गेले. वाढत्या शहराला मात्र त्याची अडचण होऊ लागली, म्हणून 1862 मध्ये गव्हर्नर झालेल्या सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तो पाडण्यात आला व त्याबरोबर तिन्ही दरवाजेही गेले. 1869 मध्ये कोटाच्या उत्तरेस क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, उभी राहिली, आणि भाजीपाला व फळे यांच्या खरेदी-विक्रीला कोटाबाहेर प्रशस्त छप्पर मिळाले.

पुढे चर्चगेट हे नाव रेल्वे स्थानकामुळे सर्वतोमुखी झाले, तर जुन्या तटबंदीला जोडून बांधलेल्या फोर्ट जॉर्जचा एक तुकडा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात टिकून आहे. बाजारगेटच्या वाट्याला ना स्थानक आले ना भिंत. त्याचे अस्तित्व केवळ बोलण्यातच राहिले, म्हणून जुन्या बाजाराची हद्द कोठे होती हे पुढील पिढ्यांना सांगणारे हे नाव वापरात ठेवणे ही त्या वास्तूची शक्य असलेली एकमेव जपणूक आहे.