‘सिस्टिम फाइल खराब झाली आहे’: जुन्या संगणकावरील संदेशाचा अर्थ आणि दुरुस्तीचा योग्य क्रम

संगणक सुरू करताच काळ्या पडद्यावर ‘पुढील फाइल सापडत नाही किंवा ती खराब झाली आहे, त्यामुळे विंडोज सुरू होऊ शकली नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर दिसणे, हा जुन्या संगणकांच्या वापरकर्त्यांना परिचित असलेला बिघाड होय. हा संदेश कार्यप्रणालीच्या फाइलविषयी असतो. वापरकर्त्याची छायाचित्रे, हिशेब आणि दस्तऐवज त्या वेळी बहुधा डिस्कवर शाबूत असतात. ते गमावले जाण्याचा खरा धोका त्यानंतरच्या घाईच्या दुरुस्तीत असतो. म्हणून आधी माहितीची प्रत, नंतर यंत्रभागांची तपासणी आणि अखेरीस कार्यप्रणालीची दुरुस्ती, हा क्रम पाळणे हिताचे ठरते.

संदेशाचा अर्थ

विंडोज एक्सपी ही कार्यप्रणाली ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली. तिच्यावरील या संदेशात बहुधा ‘विंडोज’, ‘सिस्टिम३२’ आणि ‘कॉन्फिग’ या फोल्डरांचा मार्ग देऊन शेवटी ‘सिस्टिम’ किंवा ‘सॉफ्टवेअर’ या फाइलचे नाव दिलेले असते. या फाइली म्हणजे रजिस्ट्रीचे भाग होत. कोणते यंत्रभाग जोडलेले आहेत, कोणत्या सेवा सुरू करावयाच्या आहेत, कोणती सॉफ्टवेअर बसवलेली आहेत, याची नोंदवही म्हणजे रजिस्ट्री. ती वाचता आली नाही तर विंडोजला पुढचे पाऊल टाकता येत नाही. अन्य प्रसंगी एखादा ड्रायव्हर किंवा ‘डीएलएल’ प्रकारची सामायिक फाइल बिघडलेली असते.

बिघाडाची कारणे

फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली, तर ती अर्धवट राहते. विंडोजची एनटीएफएस ही फाइलरचना स्वतःच्या मांडणीची नोंद ठेवून ती सावरू शकते. मात्र फाइलमधील मजकूर पूर्ण लिहिला गेला होता याची हमी ती देत नाही. हार्ड डिस्कवरील सेक्टर निकामी होणे, डिस्कची केबल सैल होणे, रॅममध्ये दोष असणे, मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगणे आणि व्हायरस ही अन्य कारणे होत. रॅम सदोष असल्यास चांगली फाइलही चुकीची वाचली जाते आणि नंतर तशीच परत लिहिली जाते. त्यामुळे फाइल बदलूनही तोच संदेश काही दिवसांनी पुन्हा आला, तर दोष फाइलमध्ये नसून यंत्रात आहे असे समजावे.

प्रथम माहितीची प्रत

विंडोज सुरू होत नसली तरी डिस्क वाचता येते. लिनक्सच्या ‘लाइव्ह’ डीव्हीडी अथवा पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात. फार जुने संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू होत नाहीत. तेथे डीव्हीडी वापरावी किंवा डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडावी. जोडल्यावर ‘डिस्क फॉरमॅट करावयाची आहे का’ असे विचारले गेल्यास नकार द्यावा. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असल्यास ती वारंवार सुरू करू नये. माहिती मोलाची असेल तर तज्ज्ञाकडे सोपवावी.

‘सी’ विभाग फॉरमॅट केला तरी माहिती ‘डी’ विभागात सुरक्षित राहते, असा समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. डेस्कटॉपवर आणि ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवलेल्या फाइली सामान्यतः ‘सी’ विभागातच असतात. एक्सपीमध्ये त्या ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ फोल्डरात, तर व्हिस्टापासून पुढे ‘युजर्स’ फोल्डरात सापडतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची माहिती याहून वेगळ्या फोल्डरात असू शकते. ती स्वतंत्रपणे शोधावी.

मराठी मजकुराबाबत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेली कागदपत्रे त्या फॉन्टशिवाय उघडली असता अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. म्हणून कागदपत्रांसमवेत विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डराचीही प्रत घ्यावी.

यंत्रभागांची तपासणी

वीजपुरवठा तोडून डिस्कची केबल व रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवावी. रॅमच्या पट्ट्या दोन असल्यास एकेक लावून पाहावे. ‘मेमटेस्ट’ या कार्यक्रमाने रॅमची सविस्तर चाचणी करता येते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदी ठेवते. त्यांत बदललेल्या सेक्टरांची संख्या वाढत असल्यास ती डिस्क बदलणेच योग्य.

संगणकाचे घड्याळ दरवेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील ३ व्होल्टची, सामान्यतः ‘सीआर २०३२’ या क्रमांकाची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. तिच्यासोबत बायोसमधील डिस्कच्या जोडणीचा प्रकारही बदलू शकतो आणि एकही फाइल न बिघडता विंडोज सुरू होणे थांबते. बॅटरी बदलून मूळ निवड परत केली की हा अडथळा दूर होतो.

एक्सपीवरील दुरुस्ती

संगणक सुरू होताना एफ८ कळ दाबून ‘लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन’ हा पर्याय प्रथम वापरून पाहावा. तो निष्फळ ठरल्यास विंडोजच्या मूळ सीडीवरून संगणक सुरू करून ‘आर’ कळीने रिकव्हरी कन्सोलमध्ये जावे आणि सी-एच-के-डी-एस-के ही आज्ञा, मोकळी जागा, तिरकी रेघ व ‘आर’ असे टंकावे. ही तपासणी संपूर्ण डिस्क वाचते. ती काही तास चालू शकते आणि दुबळ्या डिस्कवर ताण आणते. प्रत आधी घ्यावी, असे सांगितले जाते ते यासाठीच.

रजिस्ट्रीच्या मूळ प्रती विंडोजच्या ‘रिपेअर’ फोल्डरात असतात. त्या जागेवर ठेवल्यास संगणक सुरू होऊ शकतो. परंतु नोंदी विंडोज प्रथम बसवतानाच्या स्थितीला जातात आणि नंतर बसवलेली सॉफ्टवेअर ओळखली जात नाहीत. त्यानंतर सिस्टिम रिस्टोअरने जपलेल्या अलीकडच्या प्रती वापराव्या लागतात. उत्पादकाने आधीच विंडोज बसवून दिलेल्या संगणकांवर ही पद्धत वापरू नये, असे मायक्रोसॉफ्टने बजावले होते. कारण तेथे जुन्या प्रतींमुळे खाती व पासवर्ड बदलण्याचा संभव असतो.

विंडोज ७ आणि १० वरील दुरुस्ती

विंडोज ७ मध्ये एफ८ कळीने मिळणाऱ्या यादीतील ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ या पर्यायात स्टार्टअप रिपेअर, सिस्टिम रिस्टोअर आणि रॅमची चाचणी उपलब्ध असते. विंडोज १० मध्ये सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसल्यावर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास तेथे ४८ अंकी रिकव्हरी की लागते.

विंडोज सुरू होत असेल, तर प्रशासकीय अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून एस-एफ-सी, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि ‘स्कॅननाऊ’ ही आज्ञा द्यावी. ती संरक्षित फाइली तपासून बिघडलेल्यांच्या जागी मूळ प्रती ठेवते. काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत असे उत्तर मिळाल्यास तिचा मूळ साठाच बिघडलेला असू शकतो. विंडोज १० मध्ये ‘डिस्म’ या आज्ञेच्या ‘रिस्टोअरहेल्थ’ पर्यायाने तो साठा आधी सुधारून पहिली आज्ञा पुन्हा द्यावी.

काय टाळावे

हरवलेली फाइल इंटरनेटवरील अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेऊ नये. तिची आवृत्ती वेगळी असू शकते अथवा तिच्यासोबत व्हायरस येऊ शकतो. संगणकात बिघाड असल्याचे सांगणारे दूरध्वनी फसवणुकीचे असतात. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून असे दूरध्वनी करत नाही. पैसे गेल्यास राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक १९३० वर विनाविलंब तक्रार करावी. दुरुस्तीसाठी संगणक देताना कोणत्या फोल्डरांची प्रत हवी, हे लेखी द्यावे आणि प्रत उघडून पाहिल्यावाचून फॉरमॅटला संमती देऊ नये.

एक्सपीसाठीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे दुरुस्त झालेला जुना संगणकही इंटरनेटवर पूर्वीइतका सुरक्षित राहत नाही. एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी तो आवश्यकच असेल, तर त्याला यूपीएस जोडावा, इंटरनेटपासून तो शक्यतो दूर ठेवावा आणि त्यातील माहितीची प्रत ठरावीक काळाने वेगळ्या डिस्कवर घेत राहावी.