प्रवेशपरीक्षा आणि शाळेत परतलेला विद्यार्थी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली व त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली घेण्यात आली. तीत उत्तीर्ण झालेल्यांची संख्या पंचवीसही नव्हती. 'मॅट्रिक' ह्या शब्दाला पुढे जी प्रतिष्ठा लाभली, तिचे एक कारण ह्या विरळपणात शोधता येईल. परंतु ही परीक्षा विद्यार्थ्याकडून नेमके काय मागते, हे जिल्ह्याच्या ठिकाणच्या शाळांतून कोणास ठाऊक असणार? ती दिलेला मनुष्य शाळेत परत येणे, हाच ते कळण्याचा सर्वांत सरळ मार्ग होता.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतील. रत्नागिरीच्या सरकारी शाळेत शिकून १८५३ साली ते मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाले. १८६२ च्या पहिल्या चार पदवीधरांत रानडे, वागळे व मोडक ह्यांच्याबरोबर त्यांचे नाव येते. सिंधमधील हैदराबाद येथे काही काळ काढून १८६५ साली ते मुख्याध्यापक म्हणून रत्नागिरीस परतले. रत्नागिरीस आगगाडी पोहोचण्यास त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे विद्यापीठ त्या मुलांपासून किती दूर होते ह्याची कल्पना येते.

खरी अडचण संस्कृतची होती. रूपावली व अमरकोश मुखोद्गत करावा, मग लघुकौमुदीकडे वळावे, हा शास्त्र्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालणारा. इंग्रजी शाळेच्या वेळापत्रकात तो बसणे अशक्य. भांडारकरांनी स्वतः संस्कृतचा नेटाने अभ्यास आरंभला तो विद्यार्थिदशा संपल्यावर, शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड ह्यांच्या सूचनेवरून. प्रौढपणी भाषा शिकणाऱ्यास तिचे टप्पे आठवत असतात. बालपणी पाठ केलेल्यास ते सहसा आठवत नाहीत. त्यांनी ह्या सुमारास रचलेल्या संस्कृतच्या दोन शालेय पुस्तकांत हा अनुभव उतरलेला दिसतो. प्रत्येक पाठात थोडे व्याकरण, संस्कृतातून इंग्रजीत व इंग्रजीतून संस्कृतात करावयाची वाक्ये आणि शब्दसंग्रह. १८७७ च्या विल्सन व्याख्यानांतून भाषेच्या इतिहासाची मांडणी करणाऱ्या पंडिताने आधी शाळकरी मुलांसाठी नाम व धातू ह्यांची अशी वाटणी केली होती, ही गोष्ट भाषाभ्यासकांकडून थोडी उपेक्षिलीच गेली आहे. जो सल्ला मुख्याध्यापकाने तोंडी द्यावयाचा, तो पुस्तकरूपाने रत्नागिरीबाहेरच्या शाळांतही पोहोचला.

छापील पुस्तकाला वाचकाची जात विचारता येत नाही, शाळेला येते. भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा, संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही, त्यांना फार्सी घ्यावी लागली होती. भांडारकरांची पुस्तके त्या काळी शाळांतून प्रचलित होती. संस्कृत आंबेडकरांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले.