तळटीप : कालविस्तार

* कालविस्तार : निरीक्षकाच्या दृष्टीने वेगात असलेले घड्याळ त्याच्या स्वतःच्या घड्याळापेक्षा सावकाश चालते, हा आइन्स्टाइनच्या १९०५ च्या विशिष्ट सापेक्षता सिद्धान्ताचा निष्कर्ष. लेखकाने येथे ‘काळ मंदावतो’ एवढेच म्हटले आहे; त्यावरून घड्याळाच्या यंत्रात बिघाड होतो असा समज होऊ नये. घड्याळासोबत प्रवास करणाऱ्याला तसूभरही फरक जाणवत नाही. फरक कळतो तो दोघांची मोजमापे ताडून पाहिल्यावर. रोजच्या वेगांना तो नगण्य. प्रकाशाच्या ९८ टक्के वेगाला मात्र एका सेकंदाचे सुमारे पाच होतात.

सर्वांत बोलका पुरावा म्यूऑन या कणाचा. स्थिर म्यूऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६० मीटर जातो. तरीही दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर वैश्विक किरणांमुळे जन्मलेले म्यूऑन मोठ्या संख्येने जमिनीपर्यंत पोहोचतात, कारण आपल्या दृष्टीने त्यांचे घड्याळ सावकाश चालून आयुष्य लांबते; या क्षणी ते वाचकाच्या तळहातातूनही आरपार जात असतात. अशा कणांच्या क्षयावरून सापेक्षतेची थेट परीक्षा घेता येईल, हे होमी भाभा यांनी १९३८ मध्येच दाखवून दिले होते. १९४१ मध्ये ब्रुनो रॉसी व डेव्हिड हॉल यांनी कोलोरॅडोत वेगवेगळ्या उंचींवर मोजणी करून ते पडताळले. म्यूऑनच्या बाजूने पाहिले, तर त्याचे आयुष्य तेवढेच राहते, वातावरणाची जाडीच आखडते. ‘लांबीचा संकोच’ म्हणतात तो हाच. — संपा.